आडवी बाटली आणि स्तनातली गाठ

गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद पाडायचं असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी मतदान घेता येतं. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं, मग मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं येतात, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप. नांदेड-लातूरकडच्या बाईचं दारूशी असलेलं नातं या मतपत्रिकेत नेमकं दिसतं. दारू पिते कोण आणि भोगते कोण, याचा हिशेब तिथे वेगळा करावा लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे १३.९ टक्के पुरुष दारू पितात असं आढळलं. बायकांचा आकडा होता ०.४ टक्के, म्हणजे हजारात चार. अशा मुलखात 'दारूमुळे स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर होतो' हे वाक्य उच्चारलं तर ऐकणारी विचारणारच, की हे तुम्ही मला कशाला सांगताय? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधताना त्या वाक्याचा खरेपणा आधी तपासून घेतला पाहिजे, कारण ते पूर्ण खरं आहे आणि तरीही आपल्याकडे फार चुकीच्या तऱ्हेने वापरलं जाऊ शकतं.

दारूने स्तनाचा कॅन्सर होतो या संशयाला ठोस आधार मिळाला तो १९८७ साली. अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. त्यांतला एक जवळपास नव्वद हजार परिचारिकांचा होता. माफक पिणाऱ्या बायकांतही स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, असं दोन्हींत निघालं. (योगायोग असा की त्याच १९८७ साली आपल्या शेजारी बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात होते. अमेरिकेत पेल्यांची मोजदाद चालली होती, तेव्हा इथे रोगी मोजायला नुकती सुरुवात होत होती.) पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधल्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पण तेव्हा नावं घेतली ती तोंड, घसा, अन्ननलिका आणि यकृत यांची. स्तनाबाबत निकाल द्यायला संस्थेने आणखी जवळपास वीस वर्षं घेतली आणि २००७ च्या बैठकीत स्तनाचं नाव यादीत आलं. एवढ्या उशिराला कारण होतं. पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या बायकांत दारूखेरीज इतरही पुष्कळ फरक असतात. पिणाऱ्या बायका बहुधा जास्त शिकलेल्या, उशिरा मूल होणाऱ्या, कमी मुलं असणाऱ्या, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच सिगारेटही ओढणाऱ्या. या प्रत्येक गोष्टीचा स्तनाच्या कॅन्सरशी संबंध असू शकतो. मग दोष दारूचा म्हणायचा की त्या सगळ्या राहणीचा?

हा आक्षेप २००२ साली एका मोठ्या एकत्रित विश्लेषणाने बऱ्यापैकी निकालात काढला. जगभरातल्या ५३ अभ्यासांची मूळ माहिती एकत्र केली गेली. त्यांत स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५८,५१५ आणि न झालेल्या ९५,०६७ बायका होत्या. वय, अपत्यं, पहिल्या बाळंतपणाचं वय, धूम्रपान यांचा हिशेब वजा करूनही रोज १० ग्रॅम अल्कोहोलमागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असं दिसलं. २० ग्रॅमला त्याहून जास्त, ३० ला आणखी. दुसरी बाजू तर अधिकच बोलकी होती. अजिबात न पिणाऱ्या बायकांपुरतं पाहिलं तर सिगारेट ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या यांच्यात जवळपास फरकच उरला नाही. म्हणजे आधीच्या अभ्यासांत सिगारेटवर आलेला आळ बराचसा दारूचाच होता. पुढे ब्रिटनमध्ये सुमारे तेरा लाख बायकांचा पाठपुरावा झाला. त्यात हाच आकडा १२ टक्क्यांपर्यंत गेला. सात की बारा यावर तज्ज्ञ वाद घालतील, पण वाढ आहे आणि ती मात्रेबरोबर चढत जाते, याविषयी आता दुमत राहिलेलं नाही.

तरी निरीक्षण ते निरीक्षणच. बायकांना मुद्दाम दारू पाजून कॅन्सर होतो का हे कोणी पाहू शकत नाही आणि पाहूही नये. पण त्याच्या अलीकडची एक पायरी तपासता येते आणि ती तपासली गेली आहे. २००१ साली अमेरिकेत पाळी गेलेल्या ५१ स्त्रियांवर एक नियंत्रित आहार-प्रयोग झाला. प्रत्येकीला आठ-आठ आठवडे रोज शून्य, १५ आणि ३० ग्रॅम अल्कोहोल ठरवून देण्यात आलं. बाकीचं जेवणही संशोधकांनीच पुरवलेलं, म्हणजे खाण्यातल्या फरकाला जागाच नव्हती. १५ ग्रॅमवर रक्तातलं इस्ट्रोजेन कुळातलं एक मुख्य संप्रेरक साडेसात टक्क्यांनी वाढलं आणि ३० ग्रॅमवर जवळपास अकरा टक्क्यांनी. स्तनाच्या दुग्धनलिकांतल्या पेशी इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून वाढतात, विभागतात. दर विभागणीत जनुकांची नक्कल होते आणि नक्कल करताना चूक राहून जाण्याची शक्यता असते. विभागण्या वाढल्या की चुकाही वाढणारच. दुसरी वाट थेट विषाची. अल्कोहोलचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. हे काम मुख्यतः यकृत करतं, पण काही प्रमाणात स्तनाच्या पेशीतही ते चालतं. मधल्या टप्प्यावरचं ॲसिटाल्डिहाइड डीएनएला चिकटतं, त्याला इजा करतं आणि ती इजा दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेलाही अडथळा आणतं. त्यात भर म्हणून, डीएनए धड राखायला लागणारं फोलेट हे जीवनसत्त्व दारू शरीराला नीट वापरू देत नाही. पालेभाजी आणि डाळ पोटभर न मिळणाऱ्या बाईला हा मार बसला तर तो दुहेरी, एवढं तर्काने म्हणता येतं.

आता मापाचं बोलू, कारण '१० ग्रॅम' म्हणजे किती हे पेल्याकडे पाहून कळत नाही. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीचा किंवा रमचा ३० मिलीचा एक लहान पेग म्हणजे जवळपास १० ग्रॅम अल्कोहोल. बारमध्ये ज्याला नाइन्टी म्हणतात ते ३० ग्रॅम, आणि १८० मिलीची क्वार्टर ६० ग्रॅम. साध्या बियरची ६५० मिलीची बाटली सुमारे २५ ग्रॅमची. ८ टक्क्यांची स्ट्राँग बियर घेतली तर तेवढ्याच बाटलीत ४० ग्रॅम. म्हणजे 'मी फक्त बियर घेते' असं म्हणणारी, एक पूर्ण स्ट्राँग बाटली संपवली असेल तर चार पेग प्यायली. वाईनचा १५० मिलीचा पेला १४ ग्रॅमच्या घरात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच, असा युक्तिवाद हिरिरीने झाला होता. द्राक्ष बागायतदाराच्या बाजूने बोलायला दुसरी चांगली कारणं असतील, पण स्तनाच्या पेशीपुढे हे कारण टिकत नाही. पेशीपर्यंत पोचतं ते इथेनॉल. ते द्राक्षाचं, बार्लीचं, मोहफुलांचं की उसाच्या मळीचं, हे तिला कळत नाही. लाल वाईन हृदयाला चांगली, हा दिलासाही गेल्या काही वर्षांत फार पातळ झाला आहे. 'अजिबात न पिणाऱ्यां'च्या रकान्यात आजारपणामुळे दारू सोडलेले लोक मोजले जात होते, हे लक्षात आल्यावर त्यातला बराच फायदा विरला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं की दारूची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येणार नाही. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा पिण्याचा परवाना अजूनही कागदोपत्री 'आरोग्य राखण्यासाठी' दिला जातो. कायद्याच्या भाषेतली ही थट्टा मुद्दाम केलेली नाही, म्हणून जास्त बोचते.

इथवर जे आलं ते शास्त्र. पण धोका किती टक्क्यांनी वाढला हे सांगणाऱ्याने तो मुळात किती होता हेही सांगितलं पाहिजे. बातम्यांत नेमकं हेच गळतं. देशातल्या कॅन्सर नोंदण्यांवरून काढलेला अंदाज असा की भारतात साधारण २९ स्त्रियांपैकी एकीला ७४ वर्षांपर्यंतच्या आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता असते. हजार बायका धरल्या तर ३४. या हजारही जणी रोज एक लहान पेग घेऊ लागल्या आणि धोका १० टक्क्यांनी वाढला असं मानलं, तर ३४ चे ३७ किंवा ३८ होतील. उरलेल्या साडेनऊशेहून अधिक जणींना रोज पिऊनही हा कॅन्सर होणार नाही, आणि ३४ जणींना थेंबही न घेता झाला असता. या तीन-चार जणींना क्षुल्लक म्हणणं मला मान्य नाही. हजारात तिघी म्हणजे लातूरसारख्या शहरात एक मोठी यादी होते. पण त्या तिघींचा आकडा सांगताना उरलेल्या चौतीस जणींना विसरून चालणार नाही, आणि आपल्या भागाचा खरा प्रश्न त्या चौतीस जणींचा आहे.

हे आणखी नेमकं मांडता येतं. एखाद्या समाजातल्या एकूण रोग्यांपैकी किती जणींचा रोग अमुक कारणाने झाला, हे दोन गोष्टींवर ठरतं: त्या कारणाने धोका किती वाढतो आणि ते कारण किती जणींच्या आयुष्यात आहे. अमेरिकेत पिणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण मोठं, म्हणून तिथल्या सर्जन जनरलच्या जानेवारी २०२५ च्या सूचनापत्रात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १६ टक्के रुग्ण दारूच्या खात्यात धरले आहेत. महाराष्ट्रात हजारात चौघी पितात. त्यांचा धोका दहा टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर दारूच्या नावावर दहा हजार रुग्णांमागे चार पडतात. त्या सगळ्या भरपूर पिणाऱ्या आहेत आणि त्यांचा धोका दीडपट होतो असं मानलं तरी हजारामागे दोन. यावर आक्षेप येईल की सर्वेक्षणवालीला कोणती बाई खरं सांगणार? सासू शेजारी बसलेली असताना 'हो, घेते' असं कोण म्हणेल? आक्षेप बरोबर आहे. म्हणून खरा आकडा दहापट आहे असं समजू, चाळीस जणी हजारात. तरी हिशेब शंभरातल्या अर्ध्या रुग्णापासून दोघींपर्यंतच जातो. नांदेडच्या किंवा लातूरच्या रुग्णालयात स्तनातल्या गाठीसाठी रांगेत बसलेल्या शंभर बायकांपैकी अठ्ठ्याण्णव ते नव्व्याण्णव जणींच्या आजाराचं कारण दारूत शोधणं व्यर्थ आहे, आणि हे त्याच पुराव्यावरून निघतं ज्याने दारूला दोषी ठरवलं.

जिल्ह्याच्या सरासरीत काही कोपरे झाकले जातात, हे मात्र खरं. नांदेडची पूर्वेकडची हद्द तेलंगणाला लागते. देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडलं की ज्या राज्यात आपण शिरतो तिथे त्याच सर्वेक्षणात ६.७ टक्के स्त्रिया दारू घेतात असं निघालं, महाराष्ट्राच्या सोळापटींहून जास्त. आणि तिथे खेड्यातल्या बायकांचं प्रमाण शहरातल्यांपेक्षा बरंच वरचं आहे, कारण ताडी-शिंदी हे तिथे सणावाराचं आणि कष्टाच्या दिवसाअखेरचं पेय आहे. बोली, सोयरीक आणि बाजार जसे ही हद्द पाळत नाहीत तशी शिंदीही पाळत नाही. उत्तरेला किनवट-माहूरकडे गोंड, कोलाम वस्त्यांत मोहाच्या दारूला विधीत स्थान आहे आणि तिथे बाईने ओठाला लावणं हा अपराध समजला जात नाही. तेव्हा नांदेड जिल्ह्याला एकच ०.४ चा आकडा लावणं घाईचं ठरेल. पण याच हद्दीपलीकडे एक उलटी गोष्टही आहे. २०१२ ते २०१६ या काळातल्या देशभरच्या नोंदण्यांत स्तनाच्या कॅन्सरचं वयानुरूप प्रमाण सर्वाधिक निघालं ते हैदराबाद जिल्ह्यात, लाखामागे ४८. म्हणजे तेलंगणातल्या ज्या शहरी भागात बायका खेड्यापेक्षा कमी पितात, तिथे हा आकडा. खेड्यांत नोंदणीच विरळ असल्याने सरळ तुलना करता येणार नाही हे मान्य. तरी एवढं दिसतं की गाडीचं चाक दारूच्या जोरावर फिरत नाहीये.

मग कशाच्या? बार्शीच्या नोंदणीत सुरुवातीची कित्येक वर्षं बायकांत पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा होता आणि स्तनाचा मुंबई-पुण्याच्या मानाने पुष्कळ खाली. हे चित्र बदलण्यामागे बाळंतपणाचा बदललेला इतिहास आहे. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांच्या २००२ च्याच दुसऱ्या एका विश्लेषणाने दाखवलं की प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजण्याच्या प्रत्येक वर्षामागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो. पाच लेकरं आणि प्रत्येकाला दोन वर्षं अंगावर पाजलेली आजी नकळत या कॅन्सरपासून बरीच दूर राहिली होती. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होत होती. २०१९-२१ मध्ये १.७. पाळी लवकर येते, लग्न उशिरा होतं, आयुष्य लांबलं, आणि पाळी गेल्यानंतर वाढणारं वजन पुन्हा इस्ट्रोजेनच वाढवतं, कारण त्या वयात ते चरबीतच तयार होतं. यावर कोणी म्हणेल की मग मुलींना लवकर उजवा, जास्त मुलं होऊ द्या. हा सल्ला कुणी देऊ नये. आजी स्तनाच्या कॅन्सरपासून वाचली, पण बाळंतपणात आणि रक्तक्षयात तिच्या पिढीतल्या किती गेल्या याची मोजदाद कुणाला सोसवणार नाही. मुलगी शिकली, तिने दोनच मुलं होऊ दिली, ही कमाई आहे. तिची ही किंमत ओळखावी आणि दुसरीकडून ती कमी करावी.

दारूचा मुद्दा आपल्याकडे खरा लागू होतो तो इथे. वय बदलता येत नाही, पाळीचं वय आपल्या हातात नाही, आईकडून आलेलं जनुकही नाही. जी थोडीफार कारणं हातात आहेत त्यांत वजन, व्यायाम आणि दारू ही येतात. आणि दारू ही अशी एकच गोष्ट आहे जी इथल्या बहुतेक बायकांच्या आयुष्यात अजून आलेलीच नाही. ती नव्याने येऊ घातली आहे. लातुरात बारावी आणि नीटच्या वर्गांसाठी आलेल्या मुली चार-पाच वर्षांत पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला नोकरीला लागतात. तिथे शुक्रवारची संध्याकाळ, कंपनीची पार्टी, हातात पेला नसेल तर मागास ठरण्याची धास्ती. पिणं त्या मुलीच्या मर्जीचा प्रश्न आहे आणि तिच्या भावाने प्यायलेलं चालत असेल तर तिने प्यायल्याचा गवगवा करण्यात न्याय नाही. पण शरीराचा हिशेब समतेच्या हिशेबाने चालत नाही. पहिली पाळी ते पहिलं पूर्ण दिवसांचं बाळंतपण या काळात स्तनाच्या पेशी अजून पक्व व्हायच्या असतात. अमेरिकन परिचारिकांच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, २०१३ साली, दिसलं की या काळातल्या पिण्याने रोज १० ग्रॅममागे धोका ११ टक्क्यांनी वाढतो, नंतरचं पिणं हिशेबात धरूनसुद्धा. आजीचा हा काळ चार-पाच वर्षांचा होता. नातीचा पंधरा-सोळा वर्षांचा झाला आहे. हे तिला सांगायला हवं, पण घराण्याच्या अब्रूची भाषा न वापरता. अब्रूच्या भाषेतलं सगळंच ती नाकारायला शिकली आहे, आणि त्यात हा खरा मजकूरही वाहून जाईल.

अब्रूच्या भाषेचा दुसरा तोटा त्याहून वाईट. रोगाचं कारण सांगितलं की ऐकणारे लगेच रोग्याकडे वळतात. स्तनाच्या कॅन्सरभोवती आधीच लाज आहे. अवयव असा की घरात नाव काढायचीही चोरी. त्यात 'दारूने होतो' हे अर्धंच वाक्य गावात पोचलं तर गाठ सापडलेल्या बाईबद्दल कुजबुज सुरू व्हायला वेळ लागणार नाही. ज्या बाईने आडव्या बाटलीला मत दिलं तिच्याकडेच संशयाने पाहिलं जाईल. एखादीची सवय आणि तिची गाठ यांत थेट रेघ ओढणं जी खरोखर पिते तिच्या बाबतीतही शक्य नाही, कारण सरासरी वाढ ही समूहाची असते; याच बाईची गाठ दारूने झाली असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आणि उलट्या बाजूला याहून घातक एक समाधान दबा धरून आहे: मी पीत नाही, मिसरी-तंबाखू नाही, माझं वागणं सरळ, मला कशाला होईल? हा दिलासा खोटा आहे.

नवऱ्याच्या पिण्याबद्दलही दोन शब्द हवेत, कारण इथली दारू तीच. त्याच्या दारूने तिला स्तनाचा कॅन्सर होत नाही; विडीच्या धुरासारखी ती हवेतून दुसऱ्याच्या शरीरात जात नाही. पण गाठ लागल्यापासून डॉक्टरपर्यंतचं अंतर त्याच्या दारूने वाढू शकतं. रोजच्या क्वार्टरचा पैसा म्हणजे नांदेडहून हैदराबादचं किंवा लातूरहून बार्शीचं जाण्या-येण्याचं भाडं, बुडालेल्या रोजगाराची भरपाई, पोरांना सांभाळायला कुणाला तरी बोलावण्याची सोय. उपचाराचा मोठा खर्च आता योजनेतून निघू शकतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होतं. तिचं पुढे महात्मा फुले यांच्या नावाच्या जनआरोग्य योजनेत रूपांतर झालं आणि शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन तिच्यात बसतात. अडतं ते योजनेच्या अलीकडे, घराच्या उंबऱ्यात.

तिथे काय करता येतं याचाही पुरावा आहे, आणि तो परका नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांनी बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि दारूला दोषी ठरवणारी तीच फ्रान्समधली संस्था यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या चाचणीत भाग घेतला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे जगाला २००९ साली कळलं ते या बायकांमुळे. स्तनासाठी टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं असाच अभ्यास चालवला. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेली तपासणी. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पन्नाशीच्या आत तेवढा फायदा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण गाठ लहान असताना सापडण्याचं प्रमाण वाढलं. याच्या शेजारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा ठेवा: देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या ०.९ टक्के. दारू पिणाऱ्याही थोड्या आणि तपासणी झालेल्याही थोड्या, पण पहिला आकडा कमी राहावा आणि दुसरा वाढावा यासाठी सारखेच कष्ट घेतले जातात असं दिसत नाही.

तिशी ओलांडलेल्यांसाठी आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात त्यात हे दोन्ही प्रश्न आहेत. वरच्या भागात, रोज दारू घेता का. होय असेल तर एक गुण. खालच्या भागात बायकांसाठी, स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात फरक पडला आहे का. वरच्या प्रश्नावर बाई हसते, 'नाही' म्हणते, आणि आशाताई पुढे सरकतात. तिथे थांबण्यासारखं काही नसतंच. थांबायचं ते खालच्या प्रश्नाशी. पुरुष घरात नसताना, दार लोटून घेऊन, पदराआडून तपासायचं कसं हे दाखवून. तिथेही 'नाही' हे उत्तर तेवढ्याच झटक्यात येतं, आणि ते प्रत्येक वेळी तपासून आलेलं असतंच असं नाही.